पहिली दुरुस्ती

ही पुस्तिका हाती घेणाऱ्याला प्रोग्रॅमिंग किती येते, हे मी आधी विचारणार नाही. तुम्ही रोज कोणते सॉफ्टवेअर वापरता आणि ते वापरताना कुठे अडता, हे मला आधी ऐकायचे आहे. ओपन सोर्समध्ये नव्याने येऊ पाहणारी आपल्या परभणी जिल्ह्यातली मुलंमुली बहुतेक वेळा नेमकी उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी दोन-तीन प्रोग्रॅमिंगच्या भाषा शिकतात, मग गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर खाते उघडतात, मग जगातला एखादा नामांकित प्रकल्प शोधून काढतात. त्यातल्या हजारो फायली पाहून छाती दडपते आणि खाते तसेच पडून राहते. परभणीत, जिंतुरात, सेलूत, गंगाखेडला हेच घडताना दिसते, तेव्हा त्या मुलांना दोष द्यावासा वाटत नाही. सुरुवात कुठून करायची, हे त्यांना कोणी नीट सांगितलेलेच नसते.

ओपन सोर्सचा इतिहास पहिल्या प्रकरणात आला आहे, म्हणून इथे मोजकेच लिहितो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. लिनस तोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लोकांपुढे ठेवला. ‘ओपन सोर्स’ हे नाव १९९८ मध्ये पुढे आले. सोर्स कोड कोणालाही वाचता यावा, बदलता यावा आणि बदललेला पुढे देता यावा, असे या सॉफ्टवेअरच्या परवान्यातच लिहिलेले असते. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्या कर्नलवर चालतो. फायरफॉक्स, व्हीएलसी, लिब्रेऑफिस ही सगळी याच घरातली. ती फुकट वापरता येतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यातली चूक आपणही दुरुस्त करू शकतो, हे मात्र फार थोड्यांच्या मनावर ठसलेले असते.

एक चूक जरा जवळून पाहू.

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. हवामानाचा अंदाज, बियाण्याची माहिती, पीकविम्याची मुदत असा मजकूर आपल्याकडच्या फोनवर सतत येत असतो आणि त्यात ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द हटकून असतो. हा शब्द संगणकात तीन तऱ्हांनी साठवलेला सापडतो. पहिल्या तऱ्हेत नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य असतो. दुसरीत साधा र, हलन्त, मग झेडडब्ल्यूजे नावाचे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह आणि य. तिसरीत साधा र, हलन्त आणि लगेच य. या तिसऱ्या तऱ्हेत यच्या डाव्या अंगाला यायला हवी ती आडवी कोर येत नाही, डोक्यावर रफार चढतो आणि शब्द ‘शेतकर्यांना’ असा चुकीचा उमटतो. पहिल्या दोन तऱ्हा पडद्यावर हुबेहूब सारख्या दिसतात, पण संगणकाच्या लेखी हे तीन वेगवेगळे शब्द आहेत. युनिकोडचा मजकूर एकसारखा करण्याची जी ठरलेली रीत आहे, तीसुद्धा पहिल्या दोन तऱ्हा एक करत नाही. ते काम प्रत्येक सॉफ्टवेअरला स्वतंत्रपणे करावे लागते. ज्याने ते केलेले नाही, त्यात तुमच्या कीबोर्डने एक तऱ्हा टाइप केली आणि साठवलेला मजकूर दुसऱ्या तऱ्हेचा असला, तर शोध कोरा येतो. माहिती समोर असते आणि सापडत नाही.

जर्मनीत किंवा कॅनडात बसलेला प्रोग्रॅमर कितीही हुशार असला, तरी त्याला हे दिसण्याचे कारण नाही, कारण त्याच्या चाचण्यांत हा शब्दच नसतो. गंगाखेडच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी ३० आणि ४० ची परीक्षा दिलेल्या मुलीला मात्र तो चुकलेला रफार एका नजरेत खटकतो. तिने तो कळवला आणि सोबत शब्दांची यादी जोडली, शेतकऱ्यांना, सातबाऱ्यावर, वाऱ्याचा, दुसऱ्या, कुऱ्हाड, बिऱ्हाड, तऱ्हा, तर ते पूर्ण मोलाचे योगदान झाले. ही यादी त्या सॉफ्टवेअरच्या चाचण्यांत कायमची जाऊन बसू शकते. पुढे कोणी काही बदलताना ‘ऱ्या’ बिघडवला, तर चाचणी तिथल्या तिथे नापास होते आणि बदल अडतो. तिला सी किंवा पायथनची एक ओळही लिहावी लागली नाही. तिला मराठी नीट टाइप करता येत होते, एवढे भांडवल पुरले.

अशा जागा बऱ्याच आहेत. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आले. त्याआधी अ वर चंद्र चढवून काम भागवले जाई आणि आजही दोन्ही तऱ्हा सर्रास चालतात. मराठी ल आणि श यांचे वळण हिंदीहून वेगळे आहे, म्हणून देवनागरी फाँटमध्ये मराठीसाठी वेगळी सोय करावी लागते. मराठी वर्णक्रमात ळ, क्ष आणि ज्ञ शेवटी येतात. एखाद्या सॉफ्टवेअरने ते मध्येच कुठे घुसवले, की ग्रामपंचायतीच्या किंवा ग्रंथालयाच्या यादीत नाव शोधणारा हैराण होतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट-संस्थेने ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे फाँट मुक्त परवान्यावर दिले आहेत. देवनागरी फाँट आतून कसा बांधलेला असतो, हे आज परभणीतला विद्यार्थी त्यांच्या फायली उघडून वाचू शकतो. आपल्या आधीच्या पिढीतल्या डीटीपी करणाऱ्यांना ही मुभा नव्हती. विकत घेतलेल्या फाँटमध्ये जे असेल त्यावरच त्यांना भागवावे लागे आणि त्या जुन्या फाँटमधला मजकूर आजही युनिकोडमध्ये आणताना घाम फुटतो.

दुसरे उदाहरण शिवारातले आहे. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, ज्याला सगळे पोकरा म्हणतात, जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झाला. त्यात परभणी जिल्ह्यातली गावेही आहेत. या प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडणारे एक साधन तयार केले. पडलेल्या पावसातले किती वाहून गेले, किती मातीत राहिले, किती पिकाने उचलले आणि किती खाली भूजलात गेले, याचा हिशेब ते पाऊस, माती, उतार आणि पीक यांच्यावरून करते. हे साधन क्यूजीआयएस या नकाशांच्या मुक्त सॉफ्टवेअरवर प्लगइन म्हणून बसते. क्यूजीआयएसची सुरुवात अलास्कातल्या गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये केली आणि नंतर जगभरातल्या शेकडो लोकांनी त्यात भर घातली. मुंबईतल्या संशोधकांना नकाशा काढणारे सॉफ्टवेअर पहिल्यापासून लिहावे लागले नाही. त्यांना फक्त पाण्याचा हिशेब त्यात बसवायचा होता.

हे उदाहरण मी कृषीच्या विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम घेतले आहे. ओपन सोर्स हे संगणकवाल्यांचे काम, असे म्हणून ते बाजूला होतात. काळ्या भारी जमिनीत पाणी कसे मुरते आणि मुरमाड जमिनीत कसे, खरिपात सोयाबीनच्या रानात ओल किती दिवस टिकते, कोणत्या नाल्याला कुठल्या महिन्यापर्यंत पाणी असते, हे त्यांना माहीत असते. एखाद्या साधनाचे उत्तर प्रत्यक्ष रानाशी जुळत नसेल, तर ते पहिल्यांदा त्यांनाच कळते. क्यूजीआयएसची माहितीपुस्तिकाही मुक्त आहे. तिच्यात एखादी पायरी गाळलेली दिसली, तर ती भरून पाठवणे हे पहिल्या महिन्यात जमण्यासारखे काम आहे.

आता कळवायचे कसे, ते पाहू. या पुस्तिकेतले सर्वांत मोठे प्रकरण यावरच आहे आणि ते मुद्दाम मोठे ठेवले आहे. ‘ॲप चालत नाही, लवकर दुरुस्त करा’ असे लिहिलेल्या तक्रारीवर कोणी काहीच करू शकत नाही. त्याऐवजी असे लिहा: फोन कोणत्या कंपनीचा, अँड्रॉइड कितवे, ॲपची आवृत्ती कोणती. मी काय केले: शोधाच्या चौकटीत ‘शेतकऱ्यांना’ टाइप केले, कीबोर्ड अमुक. काय व्हायला हवे होते: या शब्दाचे लेख दिसायला हवे होते. काय झाले: ‘काही सापडले नाही’ असे आले. दर वेळी होते की कधी कधी. सोबत पडद्याचा फोटो. एवढे लिहिले, की पलीकडचा माणूस आपल्या यंत्रावर तीच चूक घडवून पाहू शकतो. चूक डोळ्यांसमोर घडली, की तिचे कारण शोधता येते. कळवण्याआधी तीच चूक आणखी कोणी कळवली आहे का, हे शोधून पाहायचे. असली, तर नवी तक्रार उघडायची नाही. तिथेच आपली माहिती जोडायची.

पलीकडे माणूस आहे, हे या सगळ्यात विसरले जाते. प्रकल्प सांभाळणाऱ्याला मेंटेनर म्हणतात. अनेक मेंटेनर नोकरी, घर सांभाळून रात्रीच्या तासाभरात हे काम करतात आणि त्याचा मोबदला त्यांना मिळत नाही. २०२० च्या ऑक्टोबरात हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात टी-शर्ट मिळवण्यासाठी लोकांनी पुल रिक्वेस्टींचा, म्हणजे आपला बदल प्रकल्पात घ्यावा अशा विनंत्यांचा, पाऊस पाडला. कोणी माहितीच्या फायलीत एखादे विशेषण घातले, कोणी नुसती मोकळी जागा वाढवली. मेंटेनर इतके त्रासले, की ज्या प्रकल्पांनी होकार दिला आहे त्यांच्यापुरताच उपक्रम ठेवावा, असा नियम आयोजकांना महिना चालू असतानाच करावा लागला. २०२४ च्या सुरुवातीला एक्स्प्रेस या प्रकल्पावरही अशीच वेळ आली. पुल रिक्वेस्ट कशी पाठवतात, हे दाखवणाऱ्या शिकवणीच्या एका व्हिडिओत एक्स्प्रेसचे उदाहरण घेतले होते. पाहणाऱ्या मुलांनी जसेच्या तसे केले आणि कितीतरी जणांनी त्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर आपापले नाव घालण्याची विनंती पाठवली. त्यात भारतातली मुले पुष्कळ होती. त्यांचा हेतू वाईट नव्हता. सराव करायला स्वतःचे रिकामे भांडार (रिपॉझिटरी) उघडता येते, हे त्यांना कोणी सांगितले नाही. म्हणून या पुस्तिकेतला सगळा सराव तुमच्याच खात्यातल्या भांडारात होतो. फोर्क, ब्रँच, कमिट, पुल रिक्वेस्ट, मर्ज हे सगळे वर्गातल्या दोघांनी एकमेकांच्या भांडारावर करून पाहायचे आणि हात बसल्यावरच बाहेर पडायचे.

आता मेंटेनरांच्या त्रासात आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. एआयकडून तयार करून घेतलेल्या, वाचायला भारदस्त आणि आतून पोकळ अशा तक्रारींचा त्रास होतो, हे कर्ल या प्रकल्पाचे डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून उघडपणे लिहीत आले आहेत. एआयची मदत घ्यायला माझी हरकत नाही. इंग्रजी वाक्य सुधारून घ्या, न समजलेला कोड समजावून घ्या. पण जी चूक तुम्ही स्वतःच्या यंत्रावर पाहिलेली नाही, ती कळवू नका आणि जी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नाही, ती पाठवू नका. मेंटेनरने ‘हे असे का केले?’ असे विचारले, तर उत्तर तुमचे असले पाहिजे.

मेंटेनर नव्या माणसाकडे सावधपणे का पाहतात, याला आणखी एक कारण आहे. एक्सझेड हे फाइल आवळून लहान करणारे छोटेसे सॉफ्टवेअर जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते. ते लासे कॉलिन हे फिनलंडमधले गृहस्थ वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने सांभाळत होते. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी तिथे दोन वर्षांहून अधिक काळ नीटस काम केले, विश्वास मिळवला, सहमेंटेनर झाले आणि २०२४ च्या सुरुवातीच्या दोन आवृत्त्यांत चोरवाट बसवली. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या यंत्रावर एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्राशी जोडण्याच्या सोयीने, आत शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, असे जाणवले. त्यांनी तेवढ्यावरून माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळे जगापुढे ठेवले. पेरणीच्या दिवशी तिफण कोणाच्या हाती द्यायची, हे घरधनी आधी बाकीची कामे पाहून ठरवतो. मेंटेनरचेही तसेच असते. तुमची पहिली दुरुस्ती दोन ओळींची असावी, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी. दोन ओळी तपासायला त्यांना पाच मिनिटे लागतात, दोन हजार ओळी तपासायला त्यांच्यापाशी वेळ नसतो. आणि फ्रॉइंड यांच्या बाबतीत लक्षात घ्या, की सुरुवात कुठल्या पांडित्याने झाली नाही. आपले काम करताना काहीतरी नेहमीसारखे नाही, एवढेच त्यांना आधी जाणवले.

उत्तर लगेच येत नाही, हेही आताच सांगून ठेवतो. आठवडा जातो, कधी महिनाही. तोवर सौजन्याने एकदा आठवण करावी, रोज करू नये. बदल परत आला, तर तो बहुतेक वेळा सूचनांसह येतो. सूचना वाचून पुन्हा पाठवायचा. नाकारला गेला, तर कारण विचारायचे. नाकारलेल्या बदलातूनही त्या प्रकल्पाची बांधणी तुम्हाला कळलेली असते आणि पुढच्या वेळी ती उपयोगी पडते.

आपल्या मुलांना इंग्रजीची भीती असते, विशेषतः मराठी माध्यमातून आलेल्यांना. या क्षेत्रात लिहिणाऱ्या किती तरी जणांची मातृभाषा जर्मन, जपानी, पोर्तुगीज, रशियन आहे आणि तेही शिकलेलेच इंग्रजी लिहितात. छोटी वाक्ये, एका वाक्यात एकच गोष्ट, एवढ्यावर काम होते. तिसऱ्या प्रकरणात रोज लागणाऱ्या वाक्यांचे नमुने दिले आहेत. ते पाठ करू नका, समोर ठेवून आपले वाक्य लिहा. ऐकून शिकायचे असेल, तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स, लिब्रेऑफिस आणि इतर विषयांवरचे पाठ मराठी आवाजात उपलब्ध आहेत. तिथल्याच फॉसी प्रकल्पात देशभरातल्या विद्यार्थ्यांना मुक्त सॉफ्टवेअरवर काम करता येते.

लॅपटॉप नसणे ही त्याहून खरी अडचण आहे. कॉलेजची लॅब चारला बंद होते, घरी फोन असतो आणि त्यात दिवसाचा ठरावीक डेटा. म्हणून फोनवर होण्यासारखी कामे आम्ही वेगळ्या प्रकरणात काढली आहेत. स्ट्रीटकंप्लीट या ॲपने रस्त्याने चालता चालता ओपनस्ट्रीटमॅपवर माहिती भरता येते. हा रस्ता डांबरी की मातीचा, या दुकानाचे नाव काय, असे साधे प्रश्न ते विचारते. गोदावरीकाठची आणि दुधनाकाठची गावे, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे पूल, नकाशात नसलेल्या वस्त्या आणि तांडे, हे सगळे भरायला पायाखालची माहिती लागते. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून नक्कल मात्र करायची नाही. तिच्या परवान्यात ते बसत नाही आणि असे भरलेले काम काढून टाकावे लागते. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये मराठी वाक्ये वाचून आपला आवाज देता येतो. तिथे पुण्या-मुंबईच्या बोलीबरोबर आपल्या मराठवाड्याचे हेलही पोचले, तर आवाज ओळखणारी यंत्रे आपल्या आजीचे बोलणेही समजून घ्यायला शिकतील. लॅपटॉप मिळाला, तरी मोठा प्रकल्प उतरवताना गिटला ‘डेप्थ १’ असे सांगा. मग सगळा जुना इतिहास न येता फक्त ताजा कोड येतो आणि डेटा वाचतो.

परभणी शहरातल्या मुलांसाठी एक खास काम सुचवतो. आपल्याकडे मराठी आणि उर्दू शेजारी नांदतात. दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवर दोन्ही लिप्या असतात. एकाच ओळीत डावीकडून मराठी आणि उजवीकडून उर्दू आली, की कितीतरी सॉफ्टवेअरमध्ये आकडे आणि कंस जागा सोडून भलतीकडे जाऊन बसतात. दोन्ही लिप्या वाचणारी तरुण माणसे जगातल्या बहुतेक ठिकाणी सहज सापडत नाहीत. परभणीत ती एका वर्गात बसलेली असतात. दोघांनी मिळून दहा नमुने तयार केले, तर ते कुठल्याही लेखन-सॉफ्टवेअरच्या चाचणीला उपयोगी पडतील.

पैशाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. या कामाने नोकरी लागेलच, असे मी लिहून देणार नाही. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे, त्यात मानधन मिळते आणि २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही त्यात भाग घेता येतो. पण तिथे निवड होते ती बहुधा आधीपासून त्या प्रकल्पात वावरलेल्यांची. मुंबईच्या फ्रापे कंपनीने ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर मुक्त ठेवून त्यावर व्यवसाय उभा केला, म्हणजे असेही होऊ शकते. यातून हमखास हाती लागते ते इतकेच, की तुमचे काम सगळ्यांसमोर, तारखेसकट, तुमच्या नावावर राहते. जिंतूरच्या मुलाने काय केले, हे पाहायला कोणाला त्याच्या कॉलेजचे नाव विचारावे लागत नाही. घरच्या परिस्थितीमुळे ज्याला आत्ता कमवायलाच हवे, त्याने आधी कमवावे. हे काम नंतरही करता येते.

शेवटी ज्या कामाला माणसे सर्वांत कमी मिळतात, त्याबद्दल लिहितो. हे काम भाषांतराचे. फायरफॉक्सचे मराठी भाषांतर पोंटून या संकेतस्थळावर होते, लिब्रेऑफिसचे वेबलेटवर, वर्डप्रेसचे त्यांच्या स्वतःच्या जागेवर. या सगळीकडे नवखा मराठी वाक्य सुचवू शकतो, पण ते लगेच आत जात नाही. आधी कोणीतरी जाणत्याने ते वाचून मान्य करावे लागते. सुचवणारे येतात आणि जातात, वाचून मत देणारे थोडे असतात, त्यामुळे चांगली वाक्येसुद्धा रांगेत अडकून राहतात. हा अधिकार अर्ज केला आणि मिळाला असा मिळत नाही. काही महिने नियमित काम केल्यावर तिथले लोक तो देतात. तुमची पहिली दुरुस्ती आत गेली, की त्याच आठवड्यात ती रांग उघडा, दुसऱ्याने सुचवलेली पाच वाक्ये वाचा आणि प्रत्येकाखाली आपले मत कारणासह लिहा. ते कसे लिहायचे, हे सातव्या प्रकरणात दिले आहे.